मागचे शॉकअप

आमच्या मोटरसायकलचे मागचे शॉकअप गेले, ही गोष्ट जगात आधी दोनच माणसांना कळली. एक मेकॅनिक आणि दुसरी माझी बायको. मेकॅनिकला ती कानाने कळली, बायकोला कंबरेने. मी पुढे बसतो, त्यामुळे मला विचाराल तर मोटरसायकल उत्तम चालत होती.

शॉकअप म्हणजे मागच्या चाकाच्या दोन बाजूंना असतात त्या स्प्रिंगवाल्या नळ्या. रस्त्यातला खड्डा आपण गिळायचा आणि वर बसलेल्याला कळू द्यायचा नाही, एवढंच त्यांचं काम. आमच्या नळ्यांनी एकोणीस वर्षं इमानाने खड्डे गिळले आणि मग त्या दमल्या. तेव्हापासून प्रत्येक खड्डा परस्पर बायकोकडे जाऊ लागला.

आणि खड्डे काही थोडेथोडके नव्हते. दर रविवारी आम्ही तिच्या आईकडे जातो. सव्वीस किलोमीटर जायचं, सव्वीस यायचं, मध्ये एक लांबलचक पूल. सासूबाई एक्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि मेव्हण्याकडे राहतात. बायको गेली की त्यांची नखं कापते, केस धुऊन देते, कपाट आवरते. मी बाहेरच्या खोलीत मेव्हण्याबरोबर पेपर वाचतो. बायको आठवडाभर कशाचाही हट्ट धरत नाही, पण रविवार चुकला की सोमवारी तिच्याशी बोलायची सोय नसते.

हाडांच्या डॉक्टरांनी तिच्या कण्याचा फोटो उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "मोटरसायकलवर मागे बसणं बंद." मी विचारलं, "शॉकअप नवे टाकले तर?" ते म्हणाले, "बघू." मी सरकारी माणूस. 'बघू' म्हणजे तत्त्वतः मंजुरी, असं आमच्याकडे धरतात.

नेमकं त्याच सुमारास साडूभाऊंनी नवी कार घेतली आणि जुनी आम्हाला घरच्या भावात देऊ केली. त्यांच्याकडे कार लावायला जागा एकच, त्यामुळे महिनाअखेरपर्यंत सांगा म्हणाले. बायकोने हा निरोप मला तीन निरनिराळ्या दिवशी, तीन निरनिराळ्या आवाजांत दिला. शेवटच्या वेळी तर "घेऊया ना हो," असं इतकं हळू म्हणाली की मी विरघळायचाच बाकी होतो. पण विरघळून कसं चालेल? गेली एकोणीस वर्षं सगळ्या नातेवाइकांत मी एकच सिद्धान्त मांडत आलोय, की कार म्हणजे पैशाला लागलेली गळती आणि शहाण्या माणसाने मोटरसायकल चालवावी. लग्नकार्यात, बारशाला, एकदा तर आजारी माणसाला भेटायला गेलो असताना मी हा सिद्धान्त आकडेवारीसह पटवून दिला होता. तो आजारी माणूस नंतर बरा झाला आणि त्याने कार घेतली, पण तो भाग निराळा.

मी ठरवलं, शॉकअप बदलायचे. महिन्याच्या आत. आणि पुढच्या रविवारी बायकोला फुलासारखी अलगद आईकडे न्यायची.

आता इथे माझ्या नोकरीबद्दल सांगितलं पाहिजे. मी पाणीपुरवठा कार्यालयाच्या खरेदी विभागात मुख्य लिपिक आहे. सत्तावीस वर्षांत पाइपांपासून टाचण्यांपर्यंत सगळं विकत घेतलंय, पण तीन दरपत्रकांशिवाय काही घेतलेलं नाही. तीन ठिकाणांहून लेखी दर मागवायचे, तुलनात्मक तक्ता करायचा आणि सगळ्यात कमी दर असेल तो स्वीकारायचा. कमी दर सोडून दुसरा घ्यायचा असेल तर कारण लिहावं लागतं. ते कारण साहेब वाचतात, मग लेखापरीक्षक वाचतात, मग पाच वर्षांनी कोणीतरी तिसराच माणूस वाचतो आणि तुम्हाला बोलावणं पाठवतो. म्हणून मी कारण कधी लिहीतच नाही. या एका सवयीवर माझी नोकरी टिकली, आणि याच सवयीने माझा संसार मागच्या बाजूने चार बोटं वर उचलला.

पहिल्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "मॉडेल?"

मी सांगितलं. त्याने हातातलं पेन खाली ठेवलं.

"अजून चालते?"

"रोज ऑफिसला जातो."

"वा. नाही, चांगलं आहे," असं तो आजारी माणसाच्या घरच्यांशी बोलतात त्या आवाजात म्हणाला. मग शिडीवर चढून त्याने एक धुळकट खोका काढला. "शेवटची जोडी. सात हजार चारशे."

मला वाटलं तो मोटरसायकलच विकत मागतोय. "अहो, मी शॉकअप म्हणालो."

"मीपण तेच म्हणालो."

"हे कसं शक्य आहे? आमच्या साडूंनी गेल्या महिन्यात कारचे मागचे शॉकअप बदलले. कारचे! जोडी दोन हजार नऊशेला."

"काका, त्या कार रस्त्यावर लाखांनी फिरतायत. त्यांचे पार्ट ढिगाने निघतात, दहा कंपन्या काढतात. तुमचं मॉडेल बंद होऊन अकरा वर्षं झाली. या मालासाठी माझ्याकडे दोनच गिऱ्हाइकं येतात. एक तुम्ही."

"आणि दुसरा?"

"तो गेल्या वर्षी आला होता. यंदा अजून नाही आला."

त्या अनोळखी माणसाची मला का कोण जाणे, काळजी वाटली.

पण खरं सांगतो, मला झोंबलं ते सात हजारांचं नाही. काचा वर करून, गाणी लावून, पोट सुटलेले साडूभाऊ ज्यावर बसतात ते शॉकअप दोन हजार नऊशेला, आणि उन्हातान्हात काटकसर करणाऱ्या माझे सात हजार चारशेला! जन्मभर केलेल्या सद्वर्तनाचा असा हिशेब लागावा? माझं डोकंच फिरलं. पुढचे आठ दिवस ऑफिस सुटल्यावर मी वही घेऊन दुकानं पालथी घातली. शॉकअप, आरसा, क्लचची तार, हवेचा फिल्टर, मागचा दिवा, टाकीचं झाकण, एकूण अकरा वस्तू. डाव्या रकान्यात मोटरसायकल, उजव्यात कार. अकरापैकी सात वस्तूंत कार स्वस्त निघाली. टाकीच्या झाकणाच्या किमतीत तर कारची दोन झाकणं येत होती, आणि वर दुकानदार चहा पाजत होता. शेवटी शेवटी मी दिसलो की एक दुकानदार मागच्या खोलीत जायला लागला.

तो तक्ता मी सगळ्यांना दाखवला. ऑफिसात दाखवला, जिन्यात दाखवला. आमच्या खालच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. बॉयलरच्या कारखान्यातून निवृत्त झालेत आणि कोणत्याही विषयावर मत देतात, म्हणून इमारतीत त्यांना सल्लागार म्हणतात. त्यांनी तक्ता चष्मा वर करून वाचला, चष्मा खाली करून वाचला आणि त्याची एक प्रत मागून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कागदाची कोणीतरी आपण होऊन प्रत मागितली होती. मी दोन दिल्या.

बायकोने तक्ता भाजी निवडता निवडता वाचला. म्हणाली, "मग कारच परवडेल की आपल्याला."

"हा तक्ता सुट्या भागांचा आहे," मी म्हणालो. "संपूर्ण वाहनाचा तक्ता वेगळा असतो."

"मग तो कधी करणार?"

"आधी हा निकाली निघू दे."

ती परत भाजी निवडायला लागली. महिना संपायला तेव्हा सोळा दिवस होते आणि तिचा पहिला रविवार चुकला होता.

आता शॉकअपचं. दुसऱ्या दुकानाने लेखी दिलं, सात हजार दीडशे, आगाऊ मागणी, तीन आठवडे. तिसरं दरपत्रक काही केल्या मिळेना, कारण तिसऱ्या कुठल्या दुकानात तो माल नव्हताच. रिकामा रकाना मला बघवत नाही. जेवण जात नाही. म्हणून तात्पुरतं, केवळ रकाना भरावा म्हणून, मी तिथे साडूभाऊंच्या कारच्या बिलाचा आकडा लिहिला. सकाळी दाढी करून बसलो, तक्ता समोर ओढला आणि सत्तावीस वर्षांच्या हाताने माझं काहीएक न ऐकता दोन हजार नऊशेभोवती लाल गोल काढला. खाली लिहिलं, 'न्यूनतम दर. स्वीकारावा.'

एकदा स्वीकारावा लिहिल्यावर नाकारायचं म्हणजे कारण लिहिणं आलं. आणि विचार करायला लागलो तर कारण सुचेचना. शॉकअप म्हणजे शॉकअप. धक्का तो धक्का, स्प्रिंग ती स्प्रिंग. उलट कारचा शॉकअप जास्त दणकट, म्हणजे बायकोच्या कंबरेला जास्त आराम. मला तर माझाच अभिमान वाटू लागला.

सल्लागारांना विचारलं. ते म्हणाले, "वेल्डिंगने या जगात काहीही कशालाही जोडता येतं. आम्ही कारखान्यात काय काय जोडलंय, तुम्हाला झोप लागणार नाही ऐकून."

मेकॅनिकने मात्र मी विकत आणलेली जोडी हातात घेऊन उलटीपालटी केली. "साहेब, हे कारचे आहेत."

"माहीत आहे."

"ही मोटरसायकल आहे."

"तेही माहीत आहे."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत असलं म्हणजे झालं." पुढे तीन दिवस तो माझ्याशी कमीतकमी बोलला. शॉकअप अडकवायचे चौकटीवरचे कान कापून नवे जोडले, खालच्या पट्ट्या वेगळ्या घडवून घेतल्या, आणि वेल्डिंगचे पैसे घेताना त्याने माझ्या नजरेला नजर दिली नाही. म्हणाला, "एक सांगू? हे पाच माणसं आणि त्यांच्या बॅगा झेलायला बनवलेत. तुमच्या बाईंच्या वजनाने हे दबायचेसुद्धा नाहीत."

"न दबलेले बरे," मी म्हणालो. मेकॅनिक इतकं ठाम बोलल्यावर माणसाने निदान विचार करावा, पण मी नाही केला.

मोटरसायकल मागून चार बोटं उंच झाली. पुढचा दिवा रस्त्याकडे न बघता स्वतःच्याच चाकाकडे बघू लागला. स्टँड जमिनीला नीट टेकेना, म्हणून मी एक लाकडी ठोकळा पिशवीतून न्यायला लागलो. ऑफिसच्या आवारात मुख्य लिपिक वाकून चाकाखाली ठोकळा सरकवतोय, हे दृश्य रोज सकाळी साडेदहाला सगळा लेखा विभाग खिडकीतून बघायचा. मी बसलो की घसरत टाकीवर यायचो. इमारतीतली एक म्हातारी बाई मला म्हणाली, "गाडी रुसलीय का हो तुमची?"

रविवार आला. बायको इमारतीच्या कठड्यावर चढली आणि तिथून सीटवर बसली. मी म्हणालो, "आता बघ." ती काही म्हणाली नाही. खरं तर म्हणाली असेल. हेल्मेट, वारा आणि इंजिन यांतून मला मागचं फारसं ऐकू येत नाही, कधीच येत नव्हतं. पण पुलाच्या अलीकडच्या गतिरोधकावर मागून जो आवाज आला तो मला ऐकू आला. मी तसा आवाज तिच्या तोंडून दोन्ही बाळंतपणांत ऐकला नव्हता.

"थांबवा," ती म्हणाली. "थांबवा हो."

उतरायला तिला पाच मिनिटं लागली. पुलाचा कठडा धरून ती उभी राहिली, चेहरा पांढराफटक. मी ठोकळा शोधत होतो, कारण मोटरसायकल सोडली तर पडली असती, आणि मोटरसायकल धरली तर बायकोला धरता येत नव्हतं. इतका नालायक मी स्वतःला आयुष्यात कधी वाटलो नव्हतो.

मागून बस आली. बायकोने हात केला. "मी जाते आईकडे. तुम्ही घरी जा."

"अगं, परत फिरू या. अशी कशी जाशील?"

"वाट बघत असेल ती," ती म्हणाली, आणि मग उगाच थोडी थांबून म्हणाली, "बघत असेल बहुतेक." दांडी धरून ती एकेक पायरी चढली. बस गेली. मी मोटरसायकल धरून पुलावर उभा.

इथे शहाणं व्हायला हरकत नव्हती. महिना संपायला आठ दिवस होते. पण त्याच आठवड्यात मोटरसायकलची नोंदणी नव्याने करायची होती, आणि आधी हे एक काम उरकू, मग शॉकअपचं बघू, मग कारचं बघू, असा मी क्रम लावला. क्रम लावला की मला बरं वाटतं.

वाहन नोंदणीच्या मैदानात तपासणी अधिकारी मोटरसायकलभोवती एक फेरी मारून आले आणि मागच्या बाजूला थबकले.

"हे काय?"

"शॉकअप."

"कशाचे?"

कचेरीत मी खोटं बोलत नाही. "कारचे."

त्यांनी खिडकीकडे बघून हाक मारली, "अरे, जरा बाहेर या सगळे. बघण्यासारखं आहे." पाचजण आले. एकाने फोटो काढला. एकाने मला मोटरसायकलशेजारी उभं राहायला सांगितलं, फोटोत उंचीचा अंदाज यावा म्हणून. मी उभा राहिलो. का राहिलो, देव जाणे.

"रचनेत बदल आहे हा," अधिकारी म्हणाले. "उत्पादक कंपनीचं ना-हरकत पत्र लागेल."

"कंपनीने हे मॉडेल अकरा वर्षांपूर्वी बंद केलंय."

"मग बंद केल्याचं पत्र आणा."

"ते आणलं की काम होईल?"

"नाही. ते आणलंत की ना-हरकत पत्र मिळू शकत नाही असं सिद्ध होईल, आणि मग तुमचा अर्ज फेटाळता येईल. आत्ता तो फेटाळतासुद्धा येत नाही. कागद अपुरे आहेत."

संताप बाजूला ठेवून सांगतो, त्या माणसाला मी मनातल्या मनात हात जोडले. असा एक माणूस आमच्या विभागात असता तर मी केव्हाच निर्धास्तपणे स्वेच्छानिवृत्ती घेतली असती.

निकाल असा, की मूळचे शॉकअप बसवून आणेपर्यंत मोटरसायकल रस्त्यावर चालवायची नाही. चालवायची नाही म्हणजे ढकलायची. चार किलोमीटर मी ती ढकलत घरी आणली. मागून उंच असलेली मोटरसायकल उतारावर आपल्याला ओढते आणि चढावर अंगावर येते, ही माहिती कोणाला उपयोगी पडली तर पडो.

जुने शॉकअप मेकॅनिकने भंगारात दिले होते. धावत पहिल्या दुकानात गेलो. "ती शेवटची जोडी द्या. सात हजार चारशे तर सात हजार चारशे."

दुकानदाराने मान हलवली. "परवाच गेली."

"कोणी नेली?"

"तो दुसरा. आला होता."

मी त्याची काळजी केली होती!

दुसऱ्या दुकानात मागणी नोंदवली. भाव मधल्या काळात आठ हजार तीनशे झाला होता आणि तीन आठवडे पक्के लागणार होते. वर मेकॅनिक कापलेले कान परत जोडायचे वेगळे घेणार. महिनाअखेरीला साडूभाऊंचा फोन आला. बायकोने फोन हाताने झाकला आणि माझ्याकडे बघितलं.

"काय सांगू?"

आता इतके पैसे घातल्यावर आणि इतकी शोभा झाल्यावर मी कार घेतली असती तर नातेवाइकांत तोंड दाखवायला जागा उरली नसती. एकोणीस वर्षांचा सिद्धान्त! "सांग, मोटरसायकल होतेय," मी म्हणालो. "म्हणावं, गरज नाही."

तिने सांगितलं. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ एकच पातेलं घासत राहिली. पुढचे तीन रविवार ती बसने गेली, दोन बस बदलून. संध्याकाळी आली की भिंतीला टेकून जमिनीवर बसायची. मी गरम पाण्याची पिशवी आणून द्यायचो आणि म्हणायचो, "आता थोडेच दिवस." ती म्हणायची, "हं."

एका गुरुवारी ऑफिसातून आलो तर इमारतीखाली साडूभाऊंची जुनी कार उभी. मला वाटलं, मंडळी आलीत. मी शर्ट खोचला, चेहऱ्यावर यजमानाचा भाव आणला आणि बघतो तर सल्लागार फडक्याने तिचा आरसा पुसत होते.

"या, या!" ते म्हणाले. "सगळं श्रेय तुमचं बरं का."

"माझं?"

"तुमचा तो तक्ता! मी तो आमच्या हिला वाचून दाखवला. अकरापैकी सात पार्ट स्वस्त! म्हटलं, आपण उगाच इतकी वर्षं कारला भीत आलो. तुमच्या साडूंचा नंबर तुमच्या मिसेसकडून घेतला. आणि शॉकअप तर नवेकोरे आहेत हो, नुकतेच बदललेले. तुम्हीच लिहिलंय की तक्त्यात."

मी अभिनंदन केलं. मोठ्या माणसांचं अभिनंदन कसं करायचं हे मला नोकरीने शिकवलंय. मग जिना चढलो आणि मधल्या पायरीवर जरा बसलो.

शनिवारी माझे शॉकअप लागले. सगळं मिळून किती गेले ते मी सांगणार नाही, तक्ताही केला नाही. रविवारी सकाळी मोटरसायकल पुसून, स्टँडवर सरळ उभी करून वर आलो. बायको पिशवी भरत होती. नेलकटर, टॉवेल, कंगवा.

"झाली," मी म्हणालो. "चल. अगदी मूळचे आहेत. एक धक्का बसणार नाही तुला."

"मी खालच्या काकूंबरोबर, त्यांच्या कारने जातेय. त्यांची मुलगी तिकडेच राहते. मला दारात सोडणार आहेत."

"पण मी सगळं केलं ते तुझ्या कंबरेसाठी..."

"चांगलं केलंत." मग तिने पिशवी खाली ठेवली. "अहो, नुसतं कंबरेचं नव्हतं ते. आई मला ओळखत नाही आताशा."

"म्हणजे?"

"आधी मधूनमधून व्हायचं. आता जवळजवळ नेहमीच. नखं कापताना मला अहो-जाहो करते. विचारते, ताई, तुम्ही कोणाकडे आलात? तुमची आई आहे का हो?"

मी खुर्चीत बसलो. दर रविवारी मी त्याच घरात असायचो. भिंतीपलीकडे, पेपर घेऊन.

"हे तू मला सांगितलं नाहीस."

"तीनदा सांगितलं. परत येताना, पुलावर. इथे आल्यावर पुन्हा सांगायचं बळ नसायचं."

"मग मी काय म्हणालो?"

"पहिल्यांदा 'हो' म्हणालात. दुसऱ्यांदा म्हणालात, पुढच्या पंपावर हवा भरू."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा काहीच नाही. मला वाटलं, ऐकलं असेल." तिने पिशवीचे बंद सारखे केले. "कारमध्ये आपण शेजारी बसलो असतो. बोलता आलं असतं. तेवढंच होतं माझं."

खालून हॉर्न वाजला. ती दारात थांबली. "येता का? मागे जागा आहे."

मला जायचं होतं. देवाशपथ जायचं होतं. पण तोंडातून आलं, "मोटरसायकल तयार आहे. मी येतो मागून."

आणि गेलो मागून. शॉकअप खरोखर सुरेख होते. पुलाअलीकडचा गतिरोधक कधी आला आणि कधी गेला, कळलंसुद्धा नाही. समोर कारच्या मागच्या काचेतून बायको दिसत होती. ती बोलत होती. दोन्ही हात हलवून, मान वळवून, मध्येच थांबून. पुढे बसलेल्या काकू पूर्ण वळून तिच्याकडे बघत होत्या. ती हातवारे करून बोलते हे मला माहीत नव्हतं. पुलाच्या मध्यावर तिने डोळे पुसले आणि काकूंनी मागे हात करून तिचा हात धरला. त्या आता कशाबद्दल बोलतायत ते मला ऐकायचं होतं, म्हणून मी उगाचच हॉर्न वाजवला.

सल्लागारांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि मला पुढे जायची खूण केली. रस्ता मोकळा होता. त्यांनी पुन्हा खूण केली.

मी पुढे गेलो नाही. मागून निदान ती दिसत तरी होती.